फाटकाबाहेरचा टॅन्सली

माणसाला अडकवायचं असलं तर आत कोंडतात. आमच्या हॅदरबीत आर्नल्ड टॅन्सलीला छप्पन्न वर्षं बाहेर कोंडलं होतं, आणि तेही बँड वाजवून.

मी विनी गार्साइड. छावणीच्या मोठ्या फाटकासमोर, रस्त्याच्या या बाजूला, शिंप्याचं दुकान आहे ते आमचं. माझा नवरा सिरिल पलटणीचा शिंपी होता. तो गेला तशी कात्री मी हातात घेतली. हॅदरशायर पलटणीतल्या कर्नलपासून काल भरती झालेल्या पोरापर्यंत एकूणएकाच्या पोटाचा घेर माझ्या वहीत आहे, त्यामुळे मला कोणाचा धाक वाटत नाही. आणि आर्नल्डची गोष्ट माझ्याइतकी जवळून कोणी पाहिलेली नाही, कारण तो उभा राहायचा तो माझ्या खिडकीसमोरच.

आधी इनॉकचं सांगते. स्पेनच्या लढाईत, अठराशे नऊच्या जानेवारीत, आपली इंग्रज फौज माघार घेत समुद्राकडे निघाली होती आणि आमची पलटण सगळ्यांत मागे होती. एका तटबंदीच्या गावात शिरल्यावर वेशीचं फाटक लागेना, कारण एक गाडी नेमकी मधोमध अडकून बसली होती. फ्रेंच घोडेस्वार टेकडी उतरत होते. तेव्हा इनॉक टॅन्सली नावाचा साधा शिपाई बाहेर गेला, त्याने पलीकडून गाडीला खांदा लावला, गाडी आत आली, फाटक लागलं आणि इनॉक बाहेर राहिला. आत सार्जंटने हजेरी घेतली. टॅन्सलीचं नाव आलं तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, "बाहेर आहे, सार्जंट! फाटक उघडू नका!" त्यानंतर आवाज आला नाही.

पलटण वाचली. परत आल्यावर कर्नलने इनॉकच्या भावाला बोलावून घेतलं, कारण इनॉकला बायकापोरं नव्हती, आणि तेव्हापासून प्रथा पडली. दर अकरा जानेवारीला, सकाळी अकरा वाजता, छावणीचं फाटक लावायचं. आत सगळी पलटण उभी राहते. सार्जंट त्या माघारीतल्या दहा शिपायांची नावं पुकारतो. नऊ नावांना ढोलावर एकेक टिपरू पडतं. दहावं नाव टॅन्सलीचं, आणि त्याला टॅन्सली घराण्यातल्याच माणसाने फाटकाबाहेरून, त्याच शब्दांत, उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय फाटक उघडायचं नाही की परेड सोडायची नाही. मग आत मेजवानी, आणि टॅन्सलीला फाटकाबाहेरच पाव, चीज आणि पेलाभर रम. त्या दिवशी टॅन्सलीने सूर्य मावळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. बाकी वर्षभर हवं तितकं आत-बाहेर कर, कोण विचारतंय!

आर्नल्ड चॅपलला जाणारा माणूस, दारूला न शिवणारा. रमचा पेला तो सरळ माझ्या दुकानात आणून द्यायचा. एक सोडून ते सगळे पेले मी प्यायले, आणि माझ्या मनात परंपरेबद्दल जो काही थोडाफार आदर आहे तो त्यातूनच आला आहे.

त्याला पलटणीत जायचंच नव्हतं. त्याला होड्या बांधायच्या होत्या. त्याच्या मामाचा स्टेव्हिकला, समुद्राकाठी, होड्यांचा कारखाना होता आणि नव्या वर्षापासून आर्नल्डने तिथे उमेदवारी करायची हे ठरलेलं होतं. डिसेंबर एकोणीसशे पन्नासमध्ये त्याचे वडील क्लेमंट न्यूमोनियाने गेले. आर्नल्ड सतरा वर्षांचा होता. अंत्यविधीनंतर आठवड्याभरात पलटणीचा कॅप्टन घरी आला, टोपी काखेत धरून, फार अदबीने. म्हणाला, "फक्त हे एक वर्ष, पोरा. वडिलांसाठी. पुढचं पुढे बघू."

पुढचं कोणीच बघितलं नाही. अठराव्या वर्षी सक्तीची सैनिकी नोकरी आली तेव्हा त्याला अर्थातच आमच्याच पलटणीत घातलं. त्याच्या तुकडीची पोरं मलायाच्या जंगलात लढायला गेली, याला मात्र हॅदरबीच्या गोदामात ब्लँकेटं वाटायला ठेवलं. जानेवारीत टॅन्सली जागेवर नको का? तिकडे काही झालं तर? शूराच्या घराण्यातला म्हणून त्याला लढाईपासूनच जपलं, असली आमच्या पलटणीची अक्कल. तो हसून म्हणायचा, "विनी, मला वीरमरण आलंच तर ढेकणांशी लढताना येईल." पण त्याच्या तुकडीतले सहा जण मलायातून परत आले नाहीत. त्यातल्या एकाची आई, मिसेस ऑग्डन, भर बाजारात त्याच्याकडे बघून म्हणाली होती, "तुझं बरं आहे रे, टॅन्सली." त्या दिवसापासून तो त्या बाजारातून भाजी आणायचा नाही, वळसा घालून खालच्या गल्लीत जायचा. हे मला मार्जरीने सांगितलं. मार्जरी म्हणजे त्याची बायको.

नोकरी संपली तशी पलटणीने त्याला छावणीतल्या बॉयलरवर ठेवला आणि फाटकाला लागून असलेलं छोटं घर दिलं. जोवर टॅन्सली हजेरीला उत्तर देईल तोवर घर टॅन्सलीचं, भाड्याशिवाय. मार्जरी हरखून गेली. मागे परसात शेंगा लावल्या, पुढे गुलाब. आर्नल्ड घर बघायला आला तेव्हा मी दुकानाच्या दारात होते. तो भिंती बघत नव्हता, फाटक बघत होता. मी म्हटलं, "छान आहे की रे!" तर म्हणाला, "हो. झोपेतून उठून ओरडलं तरी ऐकू जाईल इतकं जवळ आहे."

पलटण जर्मनीत असली की जानेवारीत त्याला लष्करी विमानात घालून तिकडे न्यायचे, तिथल्या छावणीबाहेर बर्फात उभा करायचे आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवायचे. एकदा उत्तर आयर्लंडमध्ये होते. तिथे फाटकाबाहेर उभं राहणं धोक्याचं होतं. मग काय केलं असेल? फाटकाबाहेर एक चिलखती गाडी उभी केली आणि त्याला तिच्यात बसवून आतून ओरडायला लावलं. आवाज नीट पोचला नाही म्हणून दोनदा. आर्नल्डने परत आल्यावर ही हकिगत अशी काही सांगितली की सिरिल हसून हसून टेबलाखाली गेला. मीही हसले. आज त्या हसण्याची लाज वाटते.

कारण मार्जरी गेली ती नऊ जानेवारीला. अठ्ठ्याण्णव साली. अंत्यविधी अकराला सोयीचा होता, पाद्री मोकळा होता, तिची बहीण लांबून आली होती. पण अकराला टॅन्सली मोकळा नव्हता. तेरा तारीख धरली. मेलेल्या बाईला दोन दिवस ताटकळत ठेवलं आणि हा इथे काळा कोट घालून उभा राहून ओरडला, "बाहेर आहे, सार्जंट!" त्या वर्षीचा पेला त्याने आणून दिला तेव्हा मी तो मोरीत ओतला. "नाही का म्हणत नाहीस रे तू?" मी विचारलं. त्याने रिकामा पेला माझ्या हातातून घेतला. म्हणाला, "कोणाला म्हणू? कोणी विचारतच नाही. गृहीत धरतात."

त्याची मुलगी लॉरेन स्टेव्हिकला असते. मामाच्या कारखान्याच्या वरच्या बाजूला तिचं घर. आई गेल्यापासून ती दर रविवारी फोन करायची, "बाबा, इकडे या." हा म्हणायचा, "बघू, जानेवारी होऊन जाऊ दे." जानेवारी व्हायची आणि पुढची लगेच दिसायला लागायची.

आणि मग दोन हजार सहा साली वरून हुकूम आला. तीन पलटणी मोडून एक नवीन करायची. आमचं नाव जाणार, पावणेतीनशे वर्षांचं. सगळं हॅदरबी सुतकात. म्हातारे शिपाई पबमध्ये एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. आमच्या गणवेशाच्या बटणावर फाटकाचं चित्र होतं. ती बटणं कापून नवी लावायचं काम माझ्याकडे आलं. सहाशे कोट. बटणांचा डबा भरत गेला तसं मला वाटलं, सिरिल हे बघायला नाही ते बरंच झालं.

एकटा आर्नल्ड खुशीत होता. तोंडाने बोलला नाही, पण दुकानात येऊन स्टुलावर बसला आणि शीळ घालू लागला. एवढ्या वर्षांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती.

"काय रे, लॉटरी लागली का?"

"पलटण नाही म्हणजे हजेरी नाही, विनी," तो हळू आवाजात म्हणाला, जणू कोणी ऐकेल. "ही अकरा जानेवारी शेवटची. लॉरेनला सांगितलंय. परेड झाली की पावणेबाराची बस. खोली रंगवतेय ती. खिडकीतून कारखाना दिसतो म्हणाली."

त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पण बोलताना गाल लाल झाले होते. डॉक्टरनेही त्याला बजावलं होतं की या छातीने गारठ्यात उभं राहायचे दिवस गेले. मी त्याच्यासाठी जुन्या कापडाची एक बॅग शिवली, बाहेरून दोन खिसे लावून.

त्या दिवसांत सार्जंट कोरोई बटणं बदलायला यायचा. फिजीचा माणूस, दारातून येताना वाकावं लागेल एवढा उंच. आमच्या सैन्यात फिजीची पोरं पुष्कळ आहेत. या वर्षी हजेरी पुकारायचं काम त्याच्याकडे आलं होतं आणि तो ती दहा नावं माझ्या दुकानात बसून घोकत होता. एकदा आर्नल्ड समोरच बसला होता.

"काका, तुम्ही म्हणजे तेच का? टॅन्सली?"

"तोच. बाहेरचा."

"मग मेजवानीला तुम्ही कुठे बसता?"

"इथे. विनीच्या स्टुलावर."

कोरोई माझ्याकडे बघायला लागला. "आजी, यांच्या पूर्वजाने सगळ्यांना वाचवलं ना? मग यांनाच बाहेर ठेवतात?"

"परंपरा आहे बाबा," मी म्हटलं. "तू हात वर कर, बगलेत घट्ट होतंय का बघू."

त्याने हात वर केला, पण तोंड बंद केलं नाही. "आमच्या गावातही परंपरा आहेत, ढीगभर. पण म्हातारा माणूस दाराशी आला आणि त्याला आत नाही बोलावलं, तर माझी आई मला चपलेने मारेल." आर्नल्ड खो खो हसला आणि मग हसता हसता खोकला.

डिसेंबरच्या मध्यावर मेजर फेअरक्लॉ आले. निवृत्त झालेले, माजी सैनिकांच्या मंडळाचे सेक्रेटरी, मोहरीच्या रंगाची विजार आणि मागे एक म्हातारा कुत्रा. माणूस वाईट नाही, हे मला सांगायलाच हवं. पलटण वाचवायला त्यांनी लंडनला किती खेटे घातले ते मला ठाऊक आहे. बटण वाचवायला गेले, जमलं नाही. कूच करतानाची धून वाचवायला गेले, तीही गेली. टोपीवरचा बिल्ला गेला. आर्नल्ड माझ्याकडेच बसला होता, तेव्हा ते धापा टाकत आत आले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"आर्नल्ड! वाचलो रे! आपली हजेरी वाचली! नव्या पलटणीने प्रत्येकाची एक प्रथा घ्यायची ठरवली आणि आपली टॅन्सलीची घेतली. लेखी. कायमची!"

मेजरनी त्याचे हात सोडलेच नाहीत.

"आता तीन पलटणींची पोरं उभी राहतील तुझ्यासाठी. ती नवीन आहेत, त्यांना वळण लागायला हवं, म्हणून तू आहेस तोवर तूच. तुझ्यानंतर लॉरेनचं बघू, हल्ली बायकाही चालतात." मग त्यांचा आवाज चिरकला. "सगळं गेलं रे. तूच एक उरलास."

मेजरच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. शिव्या देणाऱ्या साहेबाला झिडकारता येतं, रडणाऱ्याला काय करणार? आर्नल्ड उठून उभा राहिला आणि म्हणाला, "छान झालं, साहेब."

मेजर गेले. मी हातातली कात्री टेबलावर आपटली.

"छान झालं? छान झालं म्हणतोस? जीभ गोदामात ठेवून आलास काय?"

"त्यांच्याकडे बघितलंस ना तू."

"मी तुझ्याकडे बघतेय! त्या पोरीने खोली रंगवली. तिला काय सांगणार आहेस?"

"सांगेन, पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी तुझ्या छातीत काही उरणार आहे का? डॉक्टर काय म्हणाला?"

तो बॅगेवरून हात फिरवत बसला, मी शिवलेल्या. मग म्हणाला, "विनी, मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं ना, की मला मिसेस ऑग्डन दिसते. तिचा मुलगा गेला. मला काय करायचं होतं? वर्षातून एकदा ओरडायचं. तेवढंही नको म्हणायचं?"

मी कात्री उचलली आणि कापड कापायला लागले. राग मात्र होता, आणि तो मी पुढचे तीन आठवडे शेजाऱ्यापाजाऱ्यांवर काढला. रविवारी त्याने लॉरेनला सांगितलं. ती ओरडली नाही म्हणे. फक्त म्हणाली, "ठीक आहे बाबा. आता मी परत नाही विचारणार." हे मला सांगताना त्याने कोटाचं एक बटण पिरगाळून पिरगाळून तोडलं, आणि ते मी मुकाट्याने परत लावून दिलं.

अकरा जानेवारी उजाडली ती अर्धा पाऊस आणि अर्धा बर्फ घेऊन. पावणेअकराला मी दुकानाच्या दारात शाल पांघरून उभी होते. आतून बूट आपटल्याचे आवाज येत होते. बाहेरगावचे जनरलसाहेब आले होते, नगराध्यक्ष गळ्यातली साखळी घालून आले होते. गजांमधून सहाशे माणसं रांगेत दिसत होती, माझी नवी बटणं चमकवत. फाटक लागलं, अडसर पडला.

आर्नल्ड त्याच्या घरातून बाहेर आला. अंगावर वडिलांचा काळा कोट, डोक्यावर टोपी, आणि हातात मी शिवलेली बॅग. बॅग फुगलेली होती. तो नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला आणि बॅग पायाशी ठेवली.

कोरोईचा आवाज म्हणजे काय सांगू, आमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. एक नाव, ढोलावर एक टिपरू. दुसरं नाव, दुसरं टिपरू. नऊ झाली.

"शिपाई टॅन्सली!"

उत्तर नाही.

मला वाटलं खोकला आला असेल. पण तो खोकत नव्हता. सरळ उभा होता, तोंड मिटून.

"शिपाई टॅन्सली!"

रांगेतल्या माना हलायला लागल्या. जनरलसाहेबांनी शेजारच्याच्या कानात काहीतरी विचारलं. आता गंमत बघा, उत्तर आल्याशिवाय परेड सोडता येत नाही आणि फाटक उघडता येत नाही. लेखी आहे, कायमचं. दोनशे वर्षांत कोणी गप्प राहील असं कोणाला सुचलंच नव्हतं. सहाशे माणसं, एक जनरल, एक नगराध्यक्ष आणि स्वयंपाकघरात गार होणारं भाजलेलं बीफ, सगळं आत अडकलं होतं आणि बाहेर एकटा आर्नल्ड. मी खोटं कशाला बोलू, मला हसू फुटलं.

तिसऱ्यांदा नाव पुकारून झालं तेव्हा मेजर फेअरक्लॉ अर्धवट धावत फाटकाशी आले आणि गज धरून कुजबुजले. ती कुजबुज मला रस्त्यापलीकडे ऐकू आली.

"आर्नल्ड! अरे, बोल ना! बरं वाटत नाहीये का? जनरलसाहेब भिजतायत!"

"दिसतंय मला, साहेब."

"मग?"

"मी पण भिजतोय. छप्पन्न वर्षं."

"अरे, आता ही काय वेळ आहे का? मला घरी येऊन सांगायचंस ना."

"तुम्ही रडत होतात, साहेब."

मेजरचे हात गजांवरच राहिले. तेवढ्यात कोरोईने चौथ्यांदा पुकारलं. या वेळी आवाज बराच खाली आणला होता. परेडवर नाव घेतात तसं नाही, घरात कोणाला हाक मारतात तसं. "टॅन्सली?"

आर्नल्डने टोपी काढली. रस्ता ओलांडून जावं, त्याचा दंड धरावा असं वाटत होतं, पण मी जागची हलले नाही. हे त्यालाच करायचं होतं.

"बाहेर आहे, सार्जंट!" तो ओरडला. नेहमीसारखाच, खणखणीत. मेजरनी सुटकेचा श्वास सोडला. आणि मग आर्नल्ड म्हणाला, "फाटक उघडा."

कर्नल जनरलकडे बघायला लागला, जनरल मेजरकडे. असा हुकूम कोणाच्या पुस्तकात नव्हता. कोरोईने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. नाही म्हणणारं कोणीच दिसेना तेव्हा त्याने कागद खिशात घातला आणि ताडताड चालत फाटकाशी आला. मेजरना त्याने हाताला धरून हळूच बाजूला केलं, कपाट सरकवावं तसं. अडसर उचलला. फाटकाची दोन्ही दारं करकरत आत गेली.

"आत या, काका," तो म्हणाला. "गारठलायत तुम्ही. गरम चहा आहे."

आर्नल्ड उंबऱ्याशी गेला. अकरा जानेवारीला आतून ही परेड कशी दिसते ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तो सगळ्या रांगांवरून नजर फिरवत राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुढच्या रांगेतली पोरं, ज्यांना कोणी हुकूम दिला नव्हता, ती ताठ झाली. माझ्या तोंडून हुंदका निघाला. मला वाटलं, आता हा आत जाणार. मेजवानीला बसणार, टाळ्या होणार, आणि पुन्हा अडकणार.

"नको, बाळा," आर्नल्ड म्हणाला. "पावणेबाराची बस आहे माझी."

त्याने टोपी घातली आणि वाकून बॅग उचलली. मेजर फेअरक्लॉ बाहेर आले, पावसात, डोक्यावर काही नाही. त्यांचा चेहरा एखाद्या हरवलेल्या पोरासारखा झाला होता.

"आर्नल्ड, पण पुढच्या वर्षी? कोण उत्तर देणार? कोणाला उभं करू मी बाहेर?"

आर्नल्डने त्यांच्या कोटाची वर गेलेली कॉलर नीट केली.

"कोणालाच बाहेर ठेवू नका ना, साहेब," तो म्हणाला.

मग तो बसथांब्याकडे चालत गेला. मला त्याने नुसता हात केला. बस दोन मिनिटं उशिरा आली, तो चढला, आणि मी पोटभर रडून घेतलं. बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी फाटक उघडंच होतं, कारण ते लावायचा हुकूम काही कोणाला देववेना.